चैत्रातला चोणक

मार्च उजाडला की जगाच्या दोन टोकांना गळवाल्यांचे हात शिवशिवायला लागतात. अमेरिकेतल्या मिनेसोटात तळ्यांवरचा बर्फ फुटायला आलेला असतो आणि वॉलआय नावाचा मासा अंडी घालायला खडकाळ उथळाकडे सरकू लागतो. त्याच सुमाराला इकडे मालवणकडे शिमगा आटोपता आटोपता कर्लीच्या खाडीतला गोड्या पाण्याचा जोर संपतो, खारं पाणी वर वर चढत जातं आणि चोणक तिवरांच्या मुळांशी दबा धरून बसतो. रायगडकडे याच माशाला जिताडा म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. वॉलआयशी त्याचं जवळचं नातं नाही, पण दोघांच्या सवयी इतक्या जुळतात की एकाच्या मागे लागलेल्या माणसाला दुसऱ्याचं वेड लागायला वेळ लागत नाही.

पुढचा संवाद कुणा एका संध्याकाळी जसाच्या तसा झालेला नाही. देवबाग, तारकर्ली, कोळंब इथल्या काठांवर ऐकू येणाऱ्या दोन बाजू मी दोन तोंडांत घातल्या आहेत. मामा देवबागचा, पागापासून रापणीपर्यंत सगळं केलेला आणि आता फक्त गरवणारा, गळाला जिवंत सुंगट म्हणजे कोळंबी लावून. भाची मुंबईत वाढलेली, नोकरीसाठी मिनीॲपोलिसला गेलेली, तिथे वॉलआयच्या नादी लागलेली. सुट्टीवर येताना तिच्या बॅगेत कपडे कमी आणि लूर, म्हणजे गळाला लावायचे खोटे मासे, जास्त.

मामा: ही काय गे आणलंस? पोरांची खेळणी?

भाची: लूर आहेत, मामा. हा बघ, आतून पोकळ, पुढे ही जीभ. दोरी ओढली की जीभ पाणी कापते आणि हा डुगडुगत पोहतो.

मामा: खाजणात पाग टाकलो की जिती सुंगटा गावतत. तेंका वास असा, ती तडफडतत. चोणकाक आणखी काय होया? आणि तू माका प्लास्टिक दाखवतंस.

भाची: हे प्लास्टिक कुठून आलं ते तरी ऐक. फिनलंडमध्ये लॉरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. जाळी टाकताना तो बघायचा, मोठा मासा लहान माशांच्या थव्यावर तुटून पडतो तेव्हा नेमका कुणाला धरतो? जो जखमी आहे, वेडावाकडा पोहतोय त्याला. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा एक मासा कोरला, चॉकलेटची चंदेरी वेष्टनं त्यावर चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून थर दिला. तो मासा मुद्दाम लंगडत पोहायचा. आज त्याच्या नावाने जगभर विकली जाणारी लूर त्या लंगडेपणावर उभी आहेत.

मामा: शाणो माणूस. आदी मासो बगलो, मगे लाकूड कापला. आताची पोरा उलटा करतत. आदी दुकानात जातत.

(मामाचा हा टोला मला पटतो. मालवणच्या धक्क्यावर हल्ली महागडे रॉड घेऊन आलेले तरुण दिसतात. त्यांच्या पेटीत पन्नास रंगांची लूर असतात आणि पाणी चढतंय की उतरतंय हे त्यांना बाजूच्या म्हाताऱ्याला विचारावं लागतं. पण भाची त्यांतली नाही, हे पुढे दिसेल.)

भाची: मी बघूनच आलेय. तिकडे आम्ही मार्च-एप्रिलमध्ये मिसिसिपीवर जातो, रेड विंगजवळच्या धरणाखाली. पाणी सहा-सात अंशांचं. मासा इतका सुस्त असतो की तोंडासमोर आलं तरच उघडणार. तेव्हा आम्ही जिग वापरतो. शिशाचं डोकं, त्यातच ओतलेला गळ आणि मागे रबराची शेपटी किंवा बारीक जिवंत मासा. तळाला टेकू द्यायचा, वीतभर उचलायचा, परत टेकू द्यायचा. जितकं सावकाश तितकं चांगलं. वॉलआय झटका देत नाही, दोरी नुसती जड होते. ते जडपण कळायला मला दोन हिवाळे लागले.

मामा: आणि हय तसा केलंस तर गावतल्यो फकत कुर्ल्यो. रबर कुरतडून शेपटी सुद्धा ठेवच्यो नाय.

भाची: काल तसंच झालं.

मामा: होतलाच. थय पाणी थंड म्हणून मासो निजलेलो. हय चैत्रात पाणी तापता तसो चोणक माजता. पण तो तळाक धुंडत फिरणा नाय. मुळांच्या सावलीत, नाय तर खडपाच्या आडोशाक, पाणी येता तिकडे तोंड करून रवता. खावचा तेच्या समोरसून गेला पायजे. तू तळ खरवडत बसलंस तर तेका दिसतला कसा?

इथे खरा मुद्दा आहे आणि तो लूर की सुंगट या भांडणापेक्षा मोठा आहे. मासा थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान वाढलं की त्याचं पचन वाढतं, भूक वाढते, पळ वाढतो. मिसिसिपीच्या सहा अंशांत जो सावकाशपणा कौशल्य ठरतो, तोच मालवणच्या अठ्ठावीस-तीस अंशांत आळस ठरतो. वसंत दोन्हीकडे आला तरी पाणी वेगळं असतं आणि युक्ती पाण्याबरोबर बदलते.

मामा: आता आयक. सुकतीचा शेवटचा पाणी धर. खाजणातसून बारीक व्हाळ खाडीत येता ना, तेच्या तोंडार उभी रव. भरतीक सुंगटा, शेवटे, सगळे वर तिवरांत चरूक गेलेले असतत. पाणी उतरता तसे ते त्या एकाच वाटेन खाली येतत. आणि चोणक थय तोंडार वाट बगता. अर्दो तास, फार तर पाऊण. पाणी थांबला की खेळ संपलो. तुझो प्लास्टिकचो मासो असू दे नाय तर माझा सुंगट, त्या अर्द्या तासात थय नसलंस तर सरळ घराक जा.

भाची: म्हणूनच तर लूर, मामा! तुझी जिवंत सुंगटाची गरी एका जागी बसून राहते. अर्ध्या तासात तू एक व्हाळ करणार. मी होडीतून चार व्हाळांची तोंडं तपासून येईन. चोणक घरात आहे की नाही हे लूर दोन-तीन फेकींत सांगतं. शिवाय तुझं सुंगट काळुंदर टोचून खातात, कुर्ल्या खातात, आणि चोणक येईपर्यंत गळ रिकामा.

मामा: सुंगट लावूक येणा नाय तेचा रिकामा. शिंगाखाली गरी घालूची, आत काळो ठिपको दिसता तो चुकवून. ठिपक्याक लागली की सुंगट मेला. चुकली तर तासभर पाय मारता. तू शेपटेत टोचतंस, मगे ता गोल गोल फिरता. जित्या सुंगटाक असा फिरताना कोणी बगलेला नाय, चोणकान पण नाय.

भाची: हे मान्य. माझ्याकडचं रबरी सुंगट मी तसंच बांधते, डोक्याकडून. उलट्या उड्या मारल्यासारखं मागे सरकलं पाहिजे.

मामा: मगे बघ. नकल करूक शेवटी माझा सुंगटच लागला.

दोघं वेळेच्या विषयावर येतात तेव्हा भांडण जरा बदलतं. मामा घड्याळ बघत नाही, पंचांग बघतो. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला चपखल बसतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मालवणात ती थोडी आधी पोचते. मामा ते थोडं मनातल्या मनात वजा करतो. भाचीच्या फोनमध्ये भरतीचं ॲप आहे. दोघांच्या उत्तरांत फरक पडतो तो काही मिनिटांचा, आणि त्या मिनिटांवरून दोघं जितकं भांडतात तितकं मासा लागल्यावरही भांडत नाहीत.

मामा: पाडवो झाल्यार तृतीयेक जाव. अमाशेच्या उधाणात पाणी पळता, गढूळ होता, काय दिसणा नाय. अष्टमीच्या भांगात पाणी मरता, व्हाळातसून काय भायर येणा नाय. मधले तृतीयेपासून षष्ठीपर्यंतचे दिस बरे. तृतीयेक सुकतीचा शेवटचा पाणी दिवेलागणीक येता.

भाची: दिवेलागण सगळ्यात चांगली. वॉलआयला ते नावच डोळ्यांवरून पडलंय. त्याच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. उजेड कमी झाला की ज्याला तो खातो त्या बारीक माशाला दिसेनासं होतं आणि याला दिसत राहतं. म्हणून तिकडे सूर्य बुडताना काठावर माणसं उभी असतात.

मामा: चोणकाचा तसाच. रात्री बत्ती मारली की डोळे इंगळासारखे पेटतत. माझो बापूस बत्ती बगून सांगी, ह्यो चोणक, ह्यो शेवटो.

भाची: तोच थर. मग अंधारात काळं किंवा गडद लूर लावायचं. खालून बघणाऱ्या माशाला आभाळापुढे काळी सावली उठून दिसते. चकाकी कामाची ती दिवसा, निवळ पाण्यात.

मामा: काळा सुंगट माका समुद्रान दिला नाय. पण ह्या तुझा बरोबर वाटता.

सकाळची गोष्ट वेगळी. मतलई वारा पडलेला असतो, खाडी आरशासारखी, आणि अशा पाण्यात होडीच्या फळीवर डबा आपटला तरी मासा सावध होतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की पाण्यावर सळसळ येते, माणसाचा आवाज झाकला जातो. पण फेकलेलं हलकं लूर वाऱ्याने भलतीकडे जातं. यावर भाचीकडे बारीक विणलेल्या दोरीचं उत्तर आहे आणि मामाकडे जाड तंगुसाचं. तंगूस बोटांत धरून गरवणाऱ्याला रॉडच्या टोकावर नजर ठेवावी लागत नाही, माशाचं पहिलं नाक लागलेलं बोटाला कळतं. मात्र चोणकाच्या गालफडाची कड सुरीसारखी धारदार असते. बारीक दोरी त्यावर घासली की संपली. म्हणून भाची दोरीच्या टोकाला हातभर जाड तुकडा जोडते. तांबोशी लागली तर तो तुकडाही पुरत नाही. ती पहिल्या झटक्यात मुळांत शिरते आणि त्या झटक्याला सैल सोडणारा माणूस मासा आणि लूर दोन्ही घालवतो.

भाची: मालवणच्या किल्ल्याच्या मागच्या खडपांवर एकदा पॉपर नावाचं लूर मारून बघायचंय. गोबरे असतील तिथे.

मामा: थय नको. १९८७ पासून अभयारण्य असा. तेच्यावरून गावात आदीच वाद कमी नाय, त्यात तू आणि तुझी बाहुली कशाक?

आता खरी ठिणगी.

भाची: आणि एक, मोठा चोणक लागला तर मी सोडणार.

मामा: काय?

भाची: सोडणार. चोणक जन्माला येतो तो नर. पाच-सात वर्षांचा झाला, चांगला मोठा झाला, की मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे चोणक जवळजवळ सगळे माद्या. एक मोठी मादी हंगामात कोटींनी अंडी टाकते. ती मारली की अख्खी खाडी मारली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये नियमच आहे. ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवायचा नाही. वॉलआयमध्येही मोठे जवळजवळ सगळे माद्याच. मिनेसोटात अंडी घालायच्या दिवसांत तळ्यांवरची वॉलआयची गरवणी बंदच असते, ती मे महिन्याच्या मध्याला उघडते.

मामा: हय पण जून-जुलय बंद असता.

भाची: समुद्रात, आणि तेही यांत्रिक होड्यांना. खाडीतल्या गरीला कोण विचारतं? आणि चोणक अंडी टाकतो तो पावसाळ्यातच, खाडीच्या तोंडाशी. मिरगाचं पहिलं पाणी आलं की वळगणीचे मासे धरायला तर अख्खा गाव काठ्या, टोपल्या घेऊन ओढ्यात उतरतो. सगळे अंड्यांनी भरलेले. त्याचं काय?

(मामा इथे थोडा वेळ गप्प राहतो. वळगणीचे मासे ही कोकणातली आठवणींची ठेव. त्यावर लेख लिहिणारे आम्ही सगळे त्या अंड्यांच्या चवीत इतके रमतो की अंडी कुणाची होती हे विसरतो.)

मामा: ता खरा. मिरगात पोटार पाय पडता. पण माका एक सांग, माझ्या एका गरीन खाडी रिकामी जातली? भायर पर्ससीनवाले एका घेरात टनांनी काढतत. सरकारान २०१६ साली तेंच्यार बंधना घातली, हंगाम ठरवलो, तरी आमचे लोक अजून भांडतत. आणि तू हिशेब माझ्याकडे मागतंस.

भाची: त्यांच्याकडे मागायला हवाच. राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींचं किमान आकारमान ठरवलं, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पण ते अमलात यायचं तर धक्क्यावर मोजणारा हवा. खाडीतला मासा मोजायला मी आणि तूच आहोत.

मामा: बरा. मापाचा मानलंय. बारीक मासो मी पण सोडतंय, बापाशीन शिकवलेला. पण मोठो सोडूचो म्हणतंस, ता माका समाजणा नाय. खावचो नाय तर गळाक लावतंस कित्याक? पोटासाठी मारलो तर तेका काय तरी अर्थ असा. रवो लावून तुकडी तळली, टकल्याचो सार केलो, घर जेवला. तू तेका अर्दो तास वडतलंस, दमवतलंस, मगे म्हणतलंस, जा बाबा, माफ केलंय. ह्या दया की खेळ?

भाची: खेळच. आणि खेळ म्हणून मासे गरवणं साहेबाने आणलेलं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, त्याने ११२९च्या सुमाराला मानसोल्लास लिहिला. त्यात मत्स्यविनोद नावाचं प्रकरणच आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय चारायचं, काठी कशी, दोरी कशी, गळ कसा. मासे एका जागी यावेत म्हणून आधी त्यांना चारा घालत राहायचं, हेसुद्धा. नावातच विनोद आहे.

मामा: राजाचा पोट भरलेला होता, गे.

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. जर्मनीत खायचा हेतू नसताना केवळ सोडून देण्यासाठी मासा गळाला लावणं प्राण्यांच्या छळाच्या कायद्यात बसतं, म्हणजे तिथला कायदा आमच्या मामाच्या बाजूचा. अमेरिकेत सोडून देणारा तो सुसंस्कृत. मला विचाराल तर माप आणि हंगाम यांत भाची बरोबर आहे, दमवण्याच्या बाबतीत मामा. कारण पुन्हा पाणीच. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. सहा अंशांच्या मिसिसिपीत सोडलेला वॉलआय शेपटी मारून निघून जातो. चैत्रातल्या दुपारी, ऊबदार आणि खारट पाण्यात, पंधरा मिनिटं झुंजवलेला चोणक सोडल्यावर पोहत गेला तरी जगेलच असं नाही. तिकडच्या सोडण्याच्या रीतीला तिकडचं पाणी गृहीत आहे. इकडे ती रीत आणायची तर दोरी जाड घ्यायला हवी आणि मासा लवकर आणायला हवा, दिवेलागणीला किंवा पहाटे, दुपारी नाही. भाचीने हे ऐकलं तेव्हा तिला राग आला नाही. तिने बारीक दोरीचं रीळ काढून बाजूला ठेवलं.

भाची: पण तुझं सुंगट मासा गिळतो, मामा. गळ पोटात जातो. तो सोडला तरी मरणार. लूर ओठाला लागतं, कारण ते गिळण्याआधी कळतं की हे खोटं आहे. सोडायचंच असेल तर लूरच बरं.

मामा: ता मात्र खरा. पण ह्येका तीन तोंडांचे गळ कित्याक? पुढे तीन, मागे तीन. एक ओठाक लागता, दुसरो डोळ्यात जाता. ओठाक एक पुरे.

भाची: मागचा काढला तर पोहण्याचा तोल जातो.

मामा: मगे मागे एकच मोठी गरी घाल, तेवढ्याच वजनाची. आणि गरीचो काटो पकडीन चेपून टाक. मासो तंगूस ताणलेलो असता तोवर सुटणा नाय. सुटलो तर तुझो दोष.

भाची: चेपते. मग सोडताना चिमट्याने एका झटक्यात निघेल.

मामा: आणि हात भिजवून धर. सुक्या हातान मासो धरलो की तेच्या अंगावरचो बुळबुळीत थर जाता. सोडूचो म्हणतंस ना? मगे वर काढूचोच नाय. पाण्यातच गरी काढ, पाण्यातच सोड. उचलून फोटो काढूचो नाय.

भाची: एक तरी. फोटो नसला तर तिकडे कोण विश्वास ठेवणार की एवढा चोणक लागला होता?

मामा: मगे सोडतंस कोणासाठी?